एकटीची पार्टी

"ऑनलाइन गेम, आणि तोही एकटीने? मग ऑनलाइन जातेस कशाला? पत्ते घे आणि पेशन्स लाव!"

हे वाक्य माझ्या आतेभावाचं. दादा माझ्यापेक्षा बराच मोठा, राहायला जर्मनीत, आणि गंमत म्हणजे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’चं वेड मला त्यानेच लावलं. वाढदिवसाला सहा महिन्यांचा गेम टाइम भेट दिला आणि दोन महिन्यांनी फोन करून विचारलं, "मग, कुठल्या गिल्डमध्ये आहेस?" मी म्हटलं, "कुठल्याच नाही. मी एकटीच खेळते." त्यावर वरचं वाक्य आलं. तेव्हा मी नुसती हसले. आमचं नेहमीच असं होतं, उत्तर सुचतं ते फोन ठेवल्यावर! म्हणून हा लेखप्रपंच.

आधीच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी आम्हाला थर्ड लँग्वेज होती आणि शाळेच्या आवारात मराठी बोललं की दंड व्हायचा. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ माझ्याशी फटकून वागतात. खरं तर हा लेख मी इंग्रजी विभागाला देणार होते. पण या गेमबद्दल मी सगळ्यात नीट कुणाला सांगितलं असेल तर ते माझ्या आजीला, आणि ते मराठीत. म्हणून म्हटलं, इथेच लिहावं. चुकलं-माकलं तर सांभाळून घ्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात ओळख. ब्लिझार्ड कंपनीने हा गेम नोव्हेंबर २००४ मध्ये आणला, म्हणजे वयाने तो माझ्यापेक्षा थोडा मोठाच! पुढे त्यात इतके बदल झाले की जुन्या लोकांना जुन्या गेमची आठवण येऊ लागली, म्हणून २०१९ मध्ये कंपनीने मूळ स्वरूपातला गेम ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा सुरू केला. मी खेळते तो हा. माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालतो, हे त्याचं सगळ्यात मोठं क्वालिफिकेशन. एक प्रचंड मोठं जग, त्यात एकाच वेळी हजारो खेळाडू, आणि प्रत्येकाने नऊ प्रकारांतून एक पात्र निवडायचं. कुणी योद्धा होतो, कुणी जखमा बऱ्या करणारा पुजारी, कुणी शिकारी. मी झाले वॉरलॉक.

वॉरलॉक म्हणजे काय, हे मला पहिल्यांदा सांगावं लागलं ते दिवाळीच्या सुट्टीत, वेंगुर्ल्याच्या घरी. मी पडवीत लॅपटॉप घेऊन बसले होते. आजी मागून येऊन उभी राहिली आणि स्क्रीनकडे बोट करून म्हणाली, "ह्यो निळो-काळो कोण गो तुझ्याबरोबर?"

"पेट आहे, आजी."

"पेट म्हणजे? कुत्रो?"

कुत्रा तर नव्हता. पाय नसलेला, धुरासारखा तरंगणारा तो व्हॉइडवॉकर होता. शेवटी म्हटलं, "आजी, मी या गेममध्ये मांत्रिक आहे. हे माझं भूत. मी बोलावलं की येतं, सांगेन ते काम करतं." कोकणातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. आजीने मान डोलावली, थोडा वेळ बघितलं आणि एकच प्रश्न विचारला.

"आणि ह्या तुझा भूत खाता काय गो?"

मी चाटच पडले. कारण वॉरलॉकचं सगळं मर्म त्या एका प्रश्नात आहे. कसं ते सांगते.

वॉरलॉकची चार भुतं असतात. पहिलं इम्प, हे अगदी सुरुवातीला मिळतं. लेव्हल १० ला व्हॉइडवॉकर, २० ला सक्युबस, ३० ला फेलहंटर. ही आयती मिळत नाहीत. प्रत्येकासाठी वेगळं काम करावं लागतं. माणसांच्या राज्याची राजधानी स्टॉर्मविंड. तिथले वॉरलॉक राजरोस फिरत नाहीत, तर ‘स्लॉटर्ड लँब’ नावाच्या खानावळीच्या तळघरात लपून राहतात. गावात मांत्रिकाचं घर कसं वेशीबाहेर असतं, तसंच! त्या तळघरातल्या रिंगणात व्हॉइडवॉकरला बोलवायचं, त्याच्याशी लढून त्याला हरवायचं, मग तो तुमचा.

लढाईत व्हॉइडवॉकर पुढे जातो आणि मार खातो. मी मागे उभी राहून शत्रूवर शाप आणि मंत्र टाकत राहते. ते हळूहळू काम करतात, त्यामुळे तोपर्यंत त्याने टिकायला हवं. तो मरायला आला तर ‘हेल्थ फनेल’ हा मंत्र आहे. त्याने माझं स्वतःचं आयुष्य थेंबाथेंबाने त्याच्यात जातं. मंत्रांसाठी लागणारी शक्ती, म्हणजे माना, संपली तर ‘लाइफ टॅप’. त्यात पुन्हा माझंच आयुष्य कापून माना मिळते. शिवाय व्हॉइडवॉकरला दर वेळी बोलवायला एक ‘सोल शार्ड’ लागतो. मरणाऱ्या शत्रूवर नेमक्या वेळी मंत्र चालू असेल तरच तो मिळतो आणि मूळ गेममध्ये प्रत्येक शार्ड पिशवीतली एक जागा अडवतो. (२०१० मध्ये मुख्य गेममध्ये ही भानगड काढून टाकली, क्लासिकमध्ये मात्र आहे.) म्हणजे पिशवीत शार्ड भरले तर लूट ठेवायला जागा नाही, आणि लूट भरली तर भूत नाही!

तेव्हा आजीच्या प्रश्नाचं उत्तर असं, की माझं भूत मलाच खातं. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मगे बरोबर आसा," आणि आत निघून गेली.

आता दादाच्या मुद्द्याकडे येते.

दादा २००६ साली जर्मनीत एम.एस. करत होता आणि त्या काळात तो या गेममध्ये पुजारी होता. ‘मोल्टन कोअर’ नावाच्या ठिकाणी तेव्हा चाळीस जणांनी मिळून जायचं असे. त्याच्या डोळ्यांसमोर अजून तेच आहे. चाळीस माणसं, हेडफोनवर एकाचा आवाज, एक चुकला की सगळे मेले, आणि जिंकल्यावर रात्री दोन वाजता चाळीस जणांचा एकच जल्लोष. त्याच्या मते गेम म्हणजे हे. जो एकटा खेळतो तो जत्रेत जाऊन खोलीचं दार लावून बसतो.

मला हे साफ चूक वाटतं.

पहिली गोष्ट, सगळ्यांना चाळीस जणांची वेळ जुळवता येत नाही. मी युरोपच्या सर्व्हरवर खेळते. जर्मनीत संध्याकाळचे सात वाजतात आणि लोक कामावरून येऊन गेम उघडतात, तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. बाराला हॉस्टेलचं नेट बंद! मला वेळ असतो तो प्रॅक्टिकल संपल्यावर, साडेपाच ते साडेसात. त्या वेळी तिकडे भरदुपार असते, लोक ऑफिसात असतात. मधेच मेसची घंटा होते, मधेच मैत्रीण जर्नल मागायला येते. एकटी असले की मी व्हॉइडवॉकरला झाडाखाली उभं करून जेवून येते. चार अनोळखी लोकांना "थांबा हं, आज मेसमध्ये पावभाजी आहे" असं कसं सांगणार?

दुसरी गोष्ट, एकटीने खेळणं म्हणजे सोपं खेळणं नव्हे. एल्विन फॉरेस्टच्या नैऋत्य कोपऱ्यात ‘हॉगर’ नावाचा एक राक्षस आहे. लेव्हल ११ चा, पण साधा नाही, एलिट. म्हणजे तीन-चार जणांनी मिळून मारावा असाच बनवलेला. नवख्या खेळाडूंना मारण्यात त्याची ख्याती आहे. मी त्याला एकटीने मारायचं ठरवलं. पहिल्यांदा मेले. दुसऱ्यांदाही मेले, कारण व्हॉइडवॉकरने त्याचं लक्ष पुरतं वेधून घ्यायच्या आत मी उतावळेपणाने मंत्र टाकले आणि तो माझ्याकडे वळला. तिसऱ्यांदा आधी आजूबाजूचे छोटे शत्रू साफ केले, पिशवीत तीन शार्ड साठवले, व्हॉइडवॉकरला पुढे पाठवून मनात दहा आकडे मोजले आणि मगच पहिला शाप टाकला. हॉगर पडला तेव्हा माझ्याकडे जेमतेम दहावा हिस्सा आयुष्य उरलं होतं आणि हात अक्षरशः थरथरत होते. पाच जणांच्या पार्टीत कुणाची चूक झाली यावर वाद घालता येतो. एकटीने मेलात की वाद घालायला कुणी नसतं. दुसऱ्याच्या ओंजळीने पाणी पिण्यापेक्षा आपला हात जगन्नाथ, हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण कळलं ते हॉगरपाशी.

तिसरी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. एकटं खेळणं म्हणजे माणसांशिवाय खेळणं नव्हे.

परीक्षेच्या दिवसांत आमच्या घराजवळच्या अभ्यासिकेत जाऊन बघा. पन्नास टेबलं, पन्नास मुलं. कुणी एमपीएससीचं करतंय, कुणी सीए, कुणी आमच्यासारखी एम-थ्रीची केटी सोडवतंय. कुणी कुणाशी बोलत नाही. मग घरी बसून अभ्यास केला तर काय बिघडतं? बिघडतं! समोरचा मुलगा तीन तास उठलेला नाही हे दिसतं म्हणून आपणही उठत नाही. चहाच्या टपरीवर तोच चेहरा भेटतो, नाव माहीत नसतं, पण मान हलवली जाते. तिथे पन्नास जण एकटे असतात आणि तरीही घरच्यापेक्षा तिथे एकटं कमी वाटतं. ऑनलाइन गेममध्ये एकटीने खेळणं हे माझ्यासाठी अगदी असं आहे. रस्त्याने जाताना कुणी अनोळखी पुजारी घोडा थांबवून माझ्यावर एक आशीर्वादाचा मंत्र टाकतो आणि काही न बोलता निघून जातो. मी वापरते त्या पिशव्या कुणा अनोळखी खेळाडूने शिवून लिलावात विकायला ठेवलेल्या असतात. पेशन्सच्या पत्त्यांमध्ये हे कुठून येणार?

आणि हे माझं एकटीचं मत नाही. २००६ साली पालो आल्टो रिसर्च सेंटरच्या निकोलस ड्यूशनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गेमचा अभ्यास करून एक पेपर लिहिला. त्याचं शीर्षक होतं ‘अलोन टुगेदर?’ त्यांना आढळलं की खेळाडू बराच वेळ, विशेषतः सुरुवातीच्या लेव्हल्सना, एकटेच खेळतात. बाकीचे लोक त्यांच्या आजूबाजूला असतात, पण सोबती म्हणून कमी आणि प्रेक्षक म्हणून, वर्दळ म्हणून जास्त. साल बघितलंत ना? २००६! दादा चाळीस जणांत उभा राहून जल्लोष करत होता त्याच काळात कितीतरी लोक माझ्यासारखेच जंगलात एकेकटे फिरत होते. फक्त त्यांच्या आठवणी कुणी सांगत नाही, कारण ऐकणारं बरोबर कुणी नव्हतं. त्याही आधीच्या, १९९९ च्या ‘एव्हरक्वेस्ट’मध्ये बहुतेक पात्रांना ग्रुपशिवाय पुढे सरकणं अवघड होतं, पण भुतं बाळगणारे नेक्रोमन्सर आणि मॅजिशियन तिथेही एकटे फिरायचे. म्हणजे आमची परंपरा जुनी आहे!

इथपर्यंत लिहिलं आणि वाटलं, झालं, दादाला उत्तर मिळालं. लेख संपला.

पण खरं सांगायचं तर इथे संपवणं म्हणजे चीटिंग होईल. कारण गेल्या सेमिस्टरला एक गोष्ट घडली.

आमचा मिनी प्रोजेक्ट होता. चार जणींचा ग्रुप. विषय, हॉस्टेलच्या पाण्याच्या टाकीची पातळी मोजून मोबाइलवर दाखवणारी यंत्रणा. टाकीच्या झाकणाला अल्ट्रासॉनिक सेन्सर लावायचा, तो खाली आवाजाची लहर सोडतो, पाण्यावर आपटून परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं. काही रॉकेट सायन्स नाही. मी पहिल्याच दिवशी कामं वाटली. एकीने पार्ट्स आणायचे, एकीने रिपोर्टचं टायपिंग आणि बाइंडिंग, माझ्या रूममेटने डबा रंगवायचा. सर्किट आणि प्रोग्रॅम माझा. मला वाटलं, वा, किती व्यवस्थित! कुणाला त्रास नाही, कुणाशी वाद नाही.

डेमोच्या दिवशी बाहेरून परीक्षक आले. मोठ्या बादलीत नळीने पाणी सोडलं आणि आकडे उड्या मारायला लागले. चाळीस टक्के, ऐंशी टक्के, बारा टक्के. परीक्षक वाकून बघत म्हणाले, "पाणी पडतंय नेमकं तिथेच वर सेन्सर का लावलाय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पडणाऱ्या पाण्यावरून आणि लाटांवरून लहर भलतीकडेच परतत होती.

संध्याकाळी मेसमध्ये रूममेट समोर बसली. शांतपणे भाजी वाढून घेतली आणि म्हणाली, "सेन्सर कडेला लाव म्हणून मी तुला दोनदा सांगितलं होतं. एकदा डबा रंगवताना आणि एकदा आदल्या रात्री."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं. दोन्ही वेळा मी "हो हो, बघते" म्हणाले होते, स्क्रीनवरून नजर न हलवता.

"तू दिवसभर त्या गेममध्ये भुतांना ऑर्डर देतेस ना," ती म्हणाली, "आम्हीही तुझी भुतं आहोत का गं?"

मार्क बरे मिळाले. पण पुढच्या सेमिस्टरला त्या तिघींनी चौथी मुलगी घेतली आणि ते मला नोटिस बोर्डावरच्या यादीवरून कळलं. आम्ही एकाच खोलीत राहत होतो, तरीही.

हे वाचून काही पालक आणि काही सर लगेच म्हणतील, "बघा, गेममुळे मुलं एकलकोंडी होतात!" नाही हो. मी गेम खेळायला लागले विसाव्या वर्षी. शाळेतही ग्रुप होमवर्क मी एकटीच करायचे आणि खाली सगळ्यांची नावं लिहायचे. कारण साधं होतं. कॉन्व्हेंटमधल्या मुलींसारखं झरझर इंग्रजी मला येत नव्हतं, सोसायटीतल्या मुलांसारखं मोकळं मराठीही येत नव्हतं. दोन्हीकडे तोंड उघडण्यापेक्षा काम करून टाकणं सोपं होतं. गेमने मला असं बनवलं नाही. गेममध्ये फक्त ते स्पष्ट दिसलं.

व्हॉइडवॉकरला मी तीन गोष्टी सांगू शकते, हल्ला कर, मागे ये, थांब. त्याचे तीन स्वभावही मीच ठरवते. त्यातला एक आहे ‘पॅसिव्ह’. मार पडला तरी सांगितल्याशिवाय काही करायचं नाही. त्या तीन मुलींना मी पहिल्याच दिवशी पॅसिव्हवर टाकलं होतं. आणि गंमत बघा, व्हॉइडवॉकरचं आयुष्य कमी झालं तर मी क्षणाचाही विचार न करता स्वतःचं ओतते, कारण त्याची हिरवी पट्टी सतत माझ्या स्क्रीनवर असते. माणसांच्या डोक्यावर पट्टी नसते. त्यांना विचारावं लागतं. मी दहा मिनिटं काढून विचारलं नव्हतं.

एवढंच कळून मी सुधारले असते तर लेखाला फार छान शेवट झाला असता. प्रत्यक्षात मी आणखी जास्त एकटी खेळू लागले. लेव्हल ३० ला पोचले तेव्हा दादाने फार मागे लागून मला ‘नोमरेगन’ला जायला लावलं. हे डंजन आहे, म्हणजे पाच जणांच्या पार्टीने जायची जागा. तो रविवार होता, दुपारी चार अनोळखी लोक मिळाले आणि मी धडधडत्या छातीने गेले. आत एका ठिकाणी सगळे वरच्या मजल्यावरून खाली उडी मारतात. मीही मारली. पण भूत उडी मारत नाही! ते पायऱ्या-पायऱ्यांनी वळसा घालून आलं आणि येताना वाटेतल्या झाडून सगळ्या शत्रूंना मागे घेऊन आलं. अर्ध्या मिनिटात पाचही जण मेलो. माझ्यामुळे.

एक जण एकही शब्द न बोलता पार्टी सोडून गेला. मीही लॉगआउट करणार होते, कर्सर बटणावर होता. तेवढ्यात पुजाऱ्याने लिहिलं, की उडी मारण्याआधी पेटला परत पाठवायचं असतं, प्रत्येक वॉरलॉककडून हे एकदा होतंच, परत ये. आणि पुढे लिहिलं, नवीन माणूस मिळालाय पण तो लांब आहे, तू त्याला बोलावशील का?

वॉरलॉककडे लेव्हल २० पासून एक मंत्र असतो, ‘रिच्युअल ऑफ समनिंग’. जगाच्या कुठल्याही टोकाला असलेल्या आपल्या पार्टीतल्या माणसाला आपल्याजवळ आणता येतं. एक शार्ड लागतो. आणि हा मंत्र एकटीने पुरा होत नाही. मी रिंगण सुरू करायचं, आणि आणखी दोन जणांनी येऊन त्याला हात लावायचा. दोघांनी हात लावला नाही तर काही घडत नाही.

दहा लेव्हल मी तो मंत्र घेऊन फिरत होते. एकदाही वापरला नव्हता. वापरू शकतच नव्हते.

नोमरेगनच्या दाराबाहेर मी रिंगण मांडलं. दोन अनोळखी माणसं आपण होऊन चालत आली आणि त्यांनी हात लावला. पाचवा माणूस हवेतून आमच्यामध्ये उभा राहिला आणि पुन्हा आत गेलो. उडीच्या जागेपाशी पुजारी थांबला, मी भुताला परत पाठवलं, मग सगळ्यांनी उडी मारली. एवढंच. पण त्या दिवशी मी मेसची घंटा ऐकली नाही.

तर मग माझं मत बदललं का? नाही. दादाला मी आजही तेच सांगेन. एकटीने खेळणं हा पळपुटेपणा नाही. ज्याला गर्दीत बोलायला वेळ लागतो, ज्याचं घड्याळ जगाशी जुळत नाही, ज्याला स्वतःच्या चुका आधी स्वतःपाशी मोजायच्या असतात, त्याला एकट्याने खेळायचा पूर्ण हक्क आहे. त्याला ‘पार्टीत ये, पार्टीत ये’ म्हणून ओढू नका. एकटं असणं वेगळं, एकलकोंडं असणं वेगळं. फरक एवढाच, की एकट्या माणसाला माहीत असतं, आपले काही मंत्र असे आहेत ज्यांना आणखी दोन हात लागतात, आणि ते हात मागायची त्याला लाज वाटत नाही. एकलकोंडा माणूस तो मंत्र पिशवीत तसाच ठेवतो आणि म्हणतो, मला त्याची गरजच नाही. मी दहा लेव्हल हेच म्हणत होते.

आणि ज्यांना भुतं बाळगायची सवय झालीय त्यांना आणखी एक गोष्ट सांगते. लेव्हल ५० ला वॉरलॉकला ‘इन्फर्नल’ नावाचं एक प्रचंड भूत बोलवता येतं. ते आकाशातून पेटत्या दगडासारखं कोसळतं आणि पाच मिनिटं तुमचं सगळं ऐकतं. पाच मिनिटांनंतर ताबा सुटतो, आणि त्याला पुन्हा बांधून घालता आलं नाही तर ते तुमच्यावरच उलटतं. आजीला हेही सांगितलं. तिला मुळीच आश्चर्य वाटलं नाही.

फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी ग्रुपची नावं या महिन्याअखेर द्यायची आहेत. परवा रात्री मी खुर्ची फिरवली, लॅपटॉप बंद केला आणि रूममेटला विचारलं, "मला घ्याल का तुमच्यात?" तिने पुस्तकातून डोकं वर काढलं, बराच वेळ माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"सेन्सर कुठे लावायचा ते मी ठरवणार."

म्हटलं, ठीक आहे. डबा मी रंगवते.

– टी.ई., इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन